प्लेटिंगच्या पाण्यासाठी जिवाणूंची टाकी: घेण्याआधी एवढं वाचा

प्लेटिंगच्या, म्हणजे मालावर क्रोम-निकेलचा मुलामा चढवण्याच्या, कामातून निघणारं पाणी साफ करायला आम्ही जिवाणूंची टाकी बसवतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्लेटिंग शॉपच्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे किडे क्रोम खातात का हो?" खात नाहीत. धातू जळत नाही, कुजत नाही. जेवढे ग्रॅम टाकीत गेले तेवढे कुठून तरी बाहेर पडणारच. पाण्यात विरघळलेला धातू न विरघळणाऱ्या रूपात आणून तळाशी बसवायचा, एवढंच जिवाणूंचं काम. तळाचा गाळ उचलणं तुमच्याकडेच राहतं. "स्लज शून्य" म्हणत कुणी टाकी विकायला आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

क्रोमच्या रिन्स (मुलामा दिलेला माल धुण्याच्या) टाकीतलं पाणी पिवळं दिसतं ते सहा-संयुजी क्रोमियममुळे. हे रूप पाण्यात सहज विरघळतं, मातीतून विहिरीपर्यंत पोचतं आणि त्याने कर्करोग होतो. म्हणून नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात ते लिटरला 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एकूण क्रोमियमची मर्यादा 2, निकेलची 3, जस्ताची 5 मिलिग्रॅम. तुम्ही आज काय करता? आम्ल घालून पीएच अडीच-तीनवर आणता, मेटाबायसल्फाइट टाकता, पाणी हिरवं झालं की चुना घालून गाळ बसवता. हिरवं म्हणजे सहा-संयुजीचं तीन-संयुजी क्रोमियम झालं, ते चुन्याने खाली बसतं. ही रीत चांगली आहे. तुमच्याकडे फक्त क्रोम असेल आणि दिवसाला चार-पाचशे लिटर पाणी निघत असेल, तर हीच चालू ठेवा. आमची टाकी घेऊ नका, पैसे वाया जातील.

अडचण येते ती क्रोम, निकेल आणि जस्ताचं पाणी एकाच खड्ड्यात उतरतं तिथे. क्रोम साडेआठच्या आसपास छान बसतं, निकेलला पीएच दहाच्या घरात न्यावा लागतो, आणि तिथवर नेलं की क्रोम नि जस्त पुन्हा विरघळू लागतात. एकाला सांभाळावं तर दुसरा निसटतो. रिपोर्टमध्ये दर महिन्याला वेगळाच धातू वर का येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

इथे आम्ही सल्फेट वापरणारे जिवाणू लावतो. आपण श्वासाला हवा घेतो, तसे हे सल्फेट वापरतात आणि सल्फाइड सोडतात. सल्फेट बाहेरून आणावं लागत नाही. निकेल बाथ (मुलामा चढवायचं द्रावण) आणि पिकलिंगचं (गंज काढायचं) आम्ल यांतून ते तुमच्या पाण्यात आलेलंच असतं. सल्फाइड निकेलला, जस्ताला, तांब्याला धरतं आणि सातच्या आसपासच्या पीएचला खाली बसवतं. सहा-संयुजी क्रोमही त्याच सल्फाइडने तीन-संयुजी होऊन हायड्रॉक्साइडच्या रूपात बसतं. क्रोमेटचं रूप बदलणारे जिवाणू सोव्हिएत संशोधकांनी 1977 सालीच नोंदवले होते, म्हणजे ही काही कालची टूम नाही. नेदरलँड्समधल्या बुडेल इथल्या जस्त कारखान्यात वर्षानुवर्षांच्या कामाने भूजल बिघडलं होतं. तिथे 1992 पासून ते पाणी उपसून याच प्रकारच्या जिवाणूंकडून साफ केलं गेलं, आणि बसलेलं झिंक सल्फाइड परत भट्टीत गेलं. तुमचा गाळ मात्र खिचडी असतो, तो विकत कुणी घेणार नाही. तो रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या घातक कचरा केंद्रातच जायला हवा. तोवर झाकून ठेवा. उघड्यावर हवा लागली की सल्फाइडचा गाळ हळूहळू परत विरघळू लागतो आणि पहिल्या पावसात गटारात उतरतो.

सुरुवातीचे जिवाणू आम्ही बायोगॅसच्या स्लरीतून वाढवतो. खाऊ म्हणून साखर कारखान्याची मळी लागते. ती रोज थोडी थोडी घालायची, एकदम ओतायची नाही. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीतही कुणीतरी घालणारा हवा. टाकी बंद असते, कारण तिच्यात सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजू नका. जास्त वायूत नाकच बधिर होतं. झाकण उघडायचं असेल तर आम्हाला बोलवा. माणूस आत उतरवायचा नाही, कधीच नाही.

आता आमच्यावरच बेतलेली एक गोष्ट. एका शॉपमध्ये शनिवारी संध्याकाळी बाथ साफ करताना पोराने हार्ड क्रोमची एक बादली रिन्सच्या खड्ड्यात रिकामी केली. दहा लिटर फक्त. पण बाथमध्ये लिटरला 250 ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं, म्हणजे बादलीत अडीच किलो; त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे 1300 ग्रॅम, क्रोमियम. आमच्या दहा हजार लिटरच्या टाकीत लिटरला 130 मिलिग्रॅम झालं. सोमवारी टाकी गप्प, वास नाही, पाणी पिवळंधमक. जिवाणू मेले होते. पुन्हा रुळावर यायला सहा आठवडे लागले, आणि त्या काळात सगळं पाणी मेटाबायसल्फाइटवरच काढावं लागलं. चूक आमचीही होती. खड्ड्याच्या आधी व्हॉल्व्ह आणि वेगळी साठवण टाकी द्यायला हवी होती. आता ती दिल्याशिवाय आम्ही टाकी बसवत नाही. तीच बादली नुसतं पाणी मिसळून 0.1 वर आणायची म्हटली, तर दहा हजार लिटरचे 1300 टँकर लागतील.

सायनाइड झिंकचं (सायनाइड वापरून केलेल्या जस्त प्लेटिंगचं) पाणी या लाइनला अजिबात जोडू नका. त्याची लाइन वेगळी, उपचार वेगळा. आम्लाच्या पाण्यात ते मिसळलं तर निघणारा वायू माणूस मारतो.

कोटेशनसाठी आम्हाला तीन बाटल्या पाणी लागतं: एक सकाळी काम सुरू झाल्यावर, एक ऐन गर्दीच्या वेळी, एक टाक्या धुताना. स्वच्छ प्लास्टिकची बाटली, काठोकाठ भरलेली, वर वेळ लिहिलेली. पाणी मिसळून सौम्य करू नका, तुमचंच नुकसान होईल. त्याच दिवशी पोचवा. तुमच्यासमोर थोडं आम्ल आणि डायफेनिल कार्बाझाइडचे थेंब घालून दाखवतो. सहा-संयुजी क्रोम असेल तर पाणी जांभळट गुलाबी होतं, आणि रंग किती गडद आहे त्यावरून टाकीच्या आकाराचा पहिला अंदाज तिथेच सांगता येतो.