क्रोएशियन स्थलांतरितांचे वारसाजतन

मायदेश सोडून गेलेल्या क्रोएशियन लोकांनी व त्यांच्या वंशजांनी आपली भाषा, संगीत आणि सणवार टिकवण्यासाठी रुजवलेल्या प्रथा व उभारलेल्या संस्था. २०२१ च्या जनगणनेत क्रोएशियाची लोकसंख्या जेमतेम ३९ लाख भरली. देशाबाहेरचे क्रोएशियन व त्यांचे वंशज ३० लाखांहून अधिक असावेत, असा सरकारी अंदाज आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या किडीने डाल्मेशियातले, म्हणजे क्रोएशियाच्या किनारपट्टीवरचे, द्राक्षमळे पोखरले. शिडाच्या जहाजांचा धंदाही तोवर बसला होता. तिथल्या ब्राच बेटावरची माणसे थेट चिलीतल्या पुंता अरेनासला गेली. कुणी न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांचा जमिनीत गाडला गेलेला डिंक खणू लागले, तर मोठा ओघ अमेरिकेतल्या खाणी आणि पोलाद कारखान्यांकडे वळला.

क्रोएशियन फ्रॅटर्नल युनियन ही संस्था १८९४ मध्ये पिट्सबर्ग परिसरात सुरू झाली, ती विम्यासाठी. कामगार आजारी पडला किंवा दगावला, तर घरच्यांच्या हाती चार पैसे पडावेत, एवढाच मूळ हेतू. वर्तमानपत्र आणि मुलांची तांबुरित्सा पथके या विम्याच्याच आधाराने वाढली. तांबुरित्सा हे तुर्की अमलात बाल्कनमध्ये आलेल्या तंतुवाद्यापासून घडलेले, नखीने छेडायचे वाद्य. चिमुकली बिसेर्निका चाल वाजवते, बुगारिया स्वरमेळ पुरवते, उभे धरायचे बेर्दे खर्ज सांभाळते. गाण्याचे शब्द न कळणारे नातवंडही या पथकात बसू शकते. हे वाद्य परदेशात इतके तगले त्याचे कारण बहुधा हेच. पिट्सबर्गजवळच्या मिलव्हेल येथील सेंट निकोलस चर्चमध्ये चित्रकार माक्सो वांका यांनी १९३७ आणि १९४१ मध्ये काढलेली भित्तिचित्रे अवश्य पाहावीत. त्यांत कामावर मेलेल्या तरुणाच्या देहाभोवती क्रोएशियन स्त्रिया शोक करताना दिसतात. वारसा म्हणजे केवळ नाचगाणे नव्हे, हे तिथे कळते.

भाषा मात्र दोन-तीन पिढ्यांतच ओसरते. झाग्रेबमध्ये १९५१ साली स्थापन झालेली ‘ह्रवात्स्का मातित्सा इसेल्येनिका’ (क्रोएशियन स्थलांतरितांची मातृसंस्था) ही संस्था म्हणूनच स्थलांतरितांच्या मुलांसाठी उन्हाळी भाषावर्ग भरवते. ‘मातित्सा’ या शब्दाचा एक अर्थ मधमाश्यांची राणी. पुढे क्रोएशियाच्या सरकारनेही वास्तव स्वीकारले: १ जानेवारी २०२० पासून वंशजांना नागरिकत्व देताना पिढ्यांची मर्यादा आणि भाषेची अट, दोन्ही काढून टाकण्यात आल्या.

इटलीतल्या मोलिझे प्रांतात भाषेचे याच्या उलट घडले. ऑटोमन आक्रमणांच्या काळात, पंधराव्या-सोळाव्या शतकांत, एड्रियाटिक समुद्र ओलांडून आलेल्या क्रोएशियन लोकांची तीन गावे तिथे आहेत. शतकानुशतके ना शाळा, ना राजाश्रय. तरी घरातली बोली पाचशे वर्षे टिकली. तिला ते ‘ना नाशू’, म्हणजे ‘आपल्या बोलीत’, एवढेच म्हणतात, आणि आपण ‘समुद्रापलीकडून’ आलो असे सांगतात. इटलीने १९९९ च्या कायद्याने या भाषेला संरक्षण दिले, तोवर तरुण शहरांकडे निघाले होते. आता बोलणारे थोडेच उरले आहेत. तरीही १ मे रोजी आक्वाव्हिवा कोल्लेक्रोचे गावातून वसंताचे प्रतीक असलेल्या ‘माया’ची फुलापानांनी सजवलेली प्रतिमा वाजतगाजत निघते.