टाळी ठोक्याच्या आधी पडते

गणपती दोन महिन्यांवर आले की संध्याकाळी मुठेच्या पात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. परवा तो ऐकायला थांबले, तर शेजारी एक गृहस्थ स्कूटरवर बसून फोनवर बोलत होते. बोलणं चाललं होतं पाण्याच्या टँकरचं, पण डाव्या हाताचं बोट ब्रेकच्या दांडीवर अचूक ठेका धरून होतं. त्यांना पत्ताही नव्हता.

ठोका ऐकू येतो आणि मग बोट पडतं, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. धावण्याच्या शर्यतीत बार झाल्यावर 0.1 सेकंदाच्या आत निघालेला धावपटू बाद होतो, कारण आवाज ऐकून इतक्या लवकर हलता येत नाही असं मानतात. ऐकून टाळी वाजवायची म्हटली, तर आरतीतली प्रत्येक टाळी झांजेच्या मागे रेंगाळली असती. प्रयोगशाळेत मात्र उलटंच दिसतं. ठरावीक ठोक्यांबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या काही शतांश सेकंद आधीच पडतं! पायाने ठेका धरला तर तो आणखी थोडा आधी. याचं एक स्पष्टीकरण मला फार आवडतं. पावलाची संवेदना मेंदूपर्यंत पोचायला कानापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून दोन्ही बातम्या एकदम पोचाव्यात यासाठी मेंदू पायाला लवकर धाडतो.

म्हणजे मेंदू पुढचा ठोका आधीच मांडून ठेवतो. त्याच्या विद्युतलहरींत बीटा नावाच्या लहरी असतात, सेकंदाला साधारण 13 ते 30. प्रत्येक ठोक्यानंतर त्यांचा जोर ओसरतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत पुन्हा चढतो. गंमत अशी, की लय वाढवली किंवा कमी केली तरी ओसरणं जवळपास तसंच राहतं. बदलतो तो चढण्याचा वेग. ओसरणं हा झालेल्या ठोक्याचा परिणाम, तर चढणं ही येणाऱ्या ठोक्याची तयारी. आणि हात-पाय अगदी स्थिर ठेवून नुसतं ऐकलं, तरी हालचालींचं नियोजन करणारे मेंदूचे भाग, त्यात खोलवरचे बेसल गँग्लिया, कामाला लागतात.

सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या मंडपात सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाचा पहिला ठोका, यायच्या आधीच माना कलू लागतात, त्या याच तयारीमुळे. माँट्रियलच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की गाण्यातला अंगावर काटा आणणारा क्षण येण्याआधी, त्याची चाहूल लागल्यावरच मेंदूच्या एका भागात डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवू लागतं. प्रत्यक्ष त्या क्षणी ते दुसऱ्या भागात स्रवतं. वाट पाहण्याचं सुख वेगळं आणि समेवर येण्याचं वेगळं.

‘बाळ हुशार होईल’ म्हणून गर्भवतींना विकल्या जाणाऱ्या संगीताबद्दल मात्र बोललंच पाहिजे. अशा दाव्यांमागे 1993 चा एक प्रयोग पुढे केला जातो, ज्यात मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची रचना ऐकल्यावर गुण वाढलेले दिसले. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, आकृत्यांच्या कोड्यांपुरता होता आणि परिणाम टिकला जेमतेम पंधरा मिनिटं. बाळाचा त्यात संबंधच नव्हता. आईला आवडतं म्हणून तिने गाणं जरूर ऐकावं, पण भीती घालून कोणी पैसे उकळू नयेत.

संगीताची खरी मदत कुठे होते, ते मी घरात पाहते. माझ्या काकांना कंपवात आहे. या आजारात बेसल गँग्लियांचंच काम बिघडतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. ‘चला, उचला पाय’ असं कितीही म्हटलं तरी पाऊल हलत नाही. फिजिओथेरपिस्टने सांगितल्यापासून काकू हात धरून ओढत नाही. ती ओट्यावर वाटीने ठेका धरते, आरतीच्या लयीत. चार ठोके काका नुसते ऐकतात. पाचव्याला टाच उचलते.