बोअरचे पाणी जड का, आणि सॉफ्टनरला मीठ का लागते

बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाच्या नळाच्या पाण्यात साबणाला छान फेस येतो. त्याच घरच्या बोअरच्या पाण्यात तोच साबण फाटतो. बादलीच्या कडेला करडा चिकट थर, गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली, चार शिट्ट्या होऊनही दातांखाली येणारी तूरडाळ. अथणी-रायबागच्या काळ्या जमिनीत तर हे रोजचेच. या सगळ्यामागे मुख्यतः दोन धनप्रभारांचा कॅल्शियम आयन (प्रभार असलेला अणू) असतो, जोडीला थोडा मॅग्नेशियम. कॅल्शियमचे प्रभार दोनच का, हे समजले की सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारे मशीन, नीट सांभाळता येतो.

शेवटच्या कवचाचा हिशेब

कॅल्शियमचे 20 इलेक्ट्रॉन 2, 8, 8, 2 असे बसलेले असतात. शेवटच्या दोघांपैकी पहिला काढायला मोलमागे (अणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) 590 किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला 1145. तिसरा मात्र आठांच्या भरलेल्या कवचातून ओढावा लागतो, त्याला 4912. पहिल्या दोघांचा खर्च पाण्याचे रेणू आयनाला बिलगल्याने भरून निघतो, तिसऱ्याचा निघत नाही. म्हणून कॅल्शियम दोनावर थांबतो. सोडियम 2, 8, 1 : पहिल्याला 496, दुसऱ्याला थेट 4562; तो एकावरच थांबतो. क्लोरीनला 2, 8, 7 मध्ये एक कमी असतो, तो एक घेतो.

साबणाच्या आयनावर एकच ऋणप्रभार असतो. कॅल्शियम असे दोन धरतो आणि न विरघळणारा साका तयार होतो. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनचे धागेही तो दोन बाजूंनी बांधून ठेवतो, म्हणून डाळ फुटत नाही. सोडियमला हे जमत नाही.

टाकीत काय घडते

सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे, बारीक मणी असतात. त्यांच्यावर ऋणप्रभाराच्या जागा असतात आणि त्यांवर सोडियम बसलेला असतो. एक कॅल्शियम आत आला की दोन सोडियम बाहेर पडतात. दुहेरी प्रभारामुळे मणी कॅल्शियमला जास्त घट्ट धरतात. त्याला पुन्हा हुसकायचे तर सोडियमची गर्दीच करावी लागते, म्हणून 10 टक्के मिठाचे द्रावण.

25 लिटर रेझिन आणि 150 ग्रॅम प्रतिलिटर मीठ धरले, तर एका फेरीत साधारण 1250 ग्रॅम काठिण्य (पाण्याचा जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) निघते. पाण्याचे काठिण्य लिटरला 500 मिलिग्रॅम असेल तर 2500 लिटर पाणी मिळाले. रोज 500 लिटर वापरणाऱ्या घराला पाचव्या दिवशी मीठ द्यावे लागते, दर वेळी पावणेचार किलो.

आधी 10 मिनिटे बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून मणी धुणे. मग मिठाचे पाणी 20 ते 30 मिनिटे, सावकाश. घाईत व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मीठ नुसते वाहून जाते. अदलाबदलीला वेळच मिळत नाही. शेवटी पाण्याची खारट चव जाईपर्यंत धुवायचे आणि काठिण्य तपासायच्या किटच्या थेंबाने तपासायचे. रंग निळा आला तर पाणी मऊ, वाइनसारखा लालसर राहिला तर मीठ कमी पडले.

मीठ स्वच्छ घ्या. पावसाळ्यात ज्याला फार पाणी सुटते त्यात मॅग्नेशियम क्लोराईड असते. ते वापरणे म्हणजे जो आयन काढायचा तोच रेझिनला परत खाऊ घालणे.

‘मशीन बसवले तरी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) तेवढाच’ ही तक्रार नेहमी येते. प्रभाराच्या बदल्यात प्रभार जातो, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच दिसणार. 20 ग्रॅम कॅल्शियमच्या जागी 23 ग्रॅम सोडियम येतो. वरच्या उदाहरणात लिटरला 230 मिलिग्रॅम सोडियम वाढला, म्हणून स्वयंपाकाचा आणि पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधी वेगळा काढा. रक्तदाबाचा रुग्ण घरात असेल तर हे टाळूच नका.

लोखंड असेल तर

खानापूरकडच्या तांबड्या जमिनीतल्या बोअरचे पाणी कधी काचेसारखे निघते आणि तासाभरात पिवळे पडते. लोखंडाची मांडणी 2, 8, 14, 2 अशी. ते आधी बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन देते. हा आयन विरघळलेला राहतो, डोळ्यांना दिसत नाही. हवा लागली की आतल्या कवचातला एक आणखी जातो. तिथल्या सहा डी-इलेक्ट्रॉनांचे (त्या कवचाच्या ‘डी’ नावाच्या उपकवचातल्या इलेक्ट्रॉनांचे) पाच होतात, अर्धी भरलेली ही मांडणी टिकाऊ असते. असा तीन प्रभारांचा आयन पाण्यात तपकिरी गाळ होऊन बसतो. हाच गाळ मण्यांवर चढला की मिठाने निघत नाही, सायट्रिक आम्लाने धुवावे लागते. अशा बोअरला आधी लोह काढणारा फिल्टर आणि मगच सॉफ्टनर, हा क्रम आम्ही कधी उलटा करत नाही.

आमच्याकडे तपासणीसाठी नमुना आणताना बोअर 10 मिनिटे चालू ठेवा, एक लिटरची बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा, काठोकाठ भरून बूच घट्ट लावा आणि त्याच दिवशी आणा. अर्धी बाटली भरलीत तर आतल्या हवेने लोखंड वाटेतच तळाला बसते, आणि वरचे निवळ पाणी तपासून आकडा कमी येतो.