गुडघ्याच्या वाटीचा अस्थिभंग : उपचार आणि पुनर्वसन

गुडघ्याची वाटी हे मांडीच्या पुढच्या चतुःशिरस्क स्नायूच्या कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीसारख्या भागात) वाढणारे हाड असून कंडरेत तयार होणाऱ्या हाडांमध्ये ते शरीरातील सर्वांत मोठे आहे. ही वाटी कंडरेला सांध्याच्या अक्षापासून पुढे उचलून धरते, त्यामुळे स्नायूला तेवढ्याच ताकदीत पाय अधिक जोराने सरळ करता येतो. म्हणूनच वाटी फुटल्यावर वैद्याला सर्वप्रथम पाहावे लागते ते पाय सरळ ठेवणारी यंत्रणा शाबूत आहे की नाही, हे.

गुडघ्यावर थेट पडल्याने किंवा वाहनाच्या अपघातात समोरच्या भागावर गुडघा आदळल्याने वाटीचे अनेक तुकडे होऊ शकतात. तोल सावरताना स्नायू एकाएकी जोराने आकसला तर ती बहुधा आडवी दुभंगते. सांध्यात रक्त साचून गुडघा सुजतो. उताणे झोपून सरळ पाय उचलता येत नसेल, तर यंत्रणा तुटल्याची शंका बळावते. मात्र वेदनेमुळेही तो उचलत नाही, याचे भान ठेवावे लागते. क्ष-किरण चित्रात वाटीच्या वरच्या बाहेरील कोपऱ्यात गुळगुळीत कडांचा वेगळा तुकडा दिसला, तर तो जन्मजात वेगळा राहिलेला भाग असू शकतो.

तुकड्यांमधील फट साधारण २ ते ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, सांध्याचा पृष्ठभाग सपाट राहिला असेल आणि रुग्णाला पाय उचलता येत असेल, तर शस्त्रक्रिया लागत नाही. अशा वेळी गुडघा ४ ते ६ आठवडे प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यात सरळ ठेवतात आणि पाय सरळ असताना त्यावर भार देऊन चालू देतात.

तुकडे सरकले असतील तर ते जुळवावे लागतात. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८७७ मध्ये लंडनमध्ये जंतुनाशक पद्धतीने गुडघा उघडून वाटी चांदीच्या तारेने बांधली. सांधा उघडणे जिवावर बेतणारे होते, त्या काळात हे मोठे धाडस होते. आज रूढ असलेल्या ‘टेन्शन बँड’ पद्धतीत दोन उभ्या तारा किंवा पोकळ स्क्रू घालून वाटीच्या पुढच्या बाजूने आठाच्या आकड्यासारखी तार आवळतात. गुडघा वाकताना पुढची बाजू फाकू पाहते. ती या तारेने धरून ठेवली की तीच ओढ मागच्या, सांध्याकडील बाजूला दाब बनते. फार तुकडे असतील तर प्लेट वापरतात, आणि खालचे टोक चुरले असेल तर ते काढून कंडरा उरलेल्या हाडाला शिवतात. एकेकाळी संपूर्ण वाटी काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. पण त्याने पाय सरळ करण्याची ताकद कायमची घटते, म्हणून आता तो अगदी शेवटचा पर्याय मानला जातो.

हाड साधारण दोन-तीन महिन्यांत सांधते, पण रुग्णाची खरी कसोटी तेथून पुढे असते. स्नायू काही दिवसांतच रोडावू लागतो, म्हणून गुडघा न हलवता मांडी आवळण्याचा व्यायाम लगेच सुरू करतात; बांधणी भक्कम असेल तर टाच सरकवत गुडघा वाकवण्याचा व्यायामही लवकर देतात. वाकण्याचा कोन टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. घाईने जोर लावल्यास तार सुटू शकते आणि फार उशीर केल्यास सांधा आखडतो. जिना चढण्या-उतरण्यास साधारण ९० ते १०० अंश पुरतात. मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसणे किंवा वज्रासन यांसाठी मात्र याहून बरेच अधिक वाकणे लागते आणि उकिडवे बसताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब पडतो. त्यामुळे शेतात निंदणी करणाऱ्या किंवा जमिनीवर बसून काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत केवळ सपाट जागी चालता येते एवढ्यावर ‘बरा झाला’ असा शेरा मारणे त्याच्यावर अन्यायाचे ठरते.

वर्षभरानंतरही अनेकांना दुखऱ्या पायाची मांडी बारीक राहिल्याचे आणि जिना उतरताना आधार लागत असल्याचे जाणवते. त्वचेखाली लगेचच लागणाऱ्या तारांची टोके गुडघे टेकताना टोचतात. हाड सांधल्यावर त्या काढता येतात. पृष्ठभाग खडबडीत राहिला असेल तर पुढे वाटीमागील कूर्चा झिजून संधिवात होऊ शकतो.