सर्व्हर जर्मनीत, फिर्याद राजारामपुरीत

7 जून 2023 रोजी आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापूर पेटले आणि इंटरनेट बंद करावे लागले. अशा वेळी माहिती मागायला पोलिसांसमोर निदान एखादी कंपनी असते. मास्टोडॉन या ट्विटरसारख्या, पण विकेंद्रित समाजमाध्यमाच्या जाळ्यात तशी एक कंपनी नाही. तिथे हजारो स्वतंत्र सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब या 2018 मध्ये मानक ठरलेल्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात.

भारतीयांचा मोठा लोंढा तिकडे वळला तो नोव्हेंबर 2019 मध्ये, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर. सर्व्हर परदेशी म्हणजे इथला कायदा लागत नाही, असे मानणारे आजही भेटतात. ते साफ चूक आहे. लिहिणारा कोल्हापूरच्या राजारामपुरीत बसला असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमे 196 (गटांत वैर पसरवणे), 299 (धार्मिक भावना दुखावणे) आणि 356 (बदनामी) त्याला लागतातच. भारतातल्या संगणकाशी संबंध असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 75 परदेशातल्या कृत्यापर्यंतही पोचते.

खरा गुंता सर्व्हर चालवणाऱ्याचा आहे. त्याच कायद्याचे कलम 79 मध्यस्थाला, म्हणजे इतरांचा मजकूर साठवणाऱ्या किंवा पोचवणाऱ्या सेवेला, संरक्षण देते. 24 मार्च 2015 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालाने आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना गुन्हा ठरवणारे कलम 66अ रद्द झाले, त्यानेच ठरवले की मजकूर काढण्याची सक्ती न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानंतरच येते. याच कायद्याखालच्या 2021 च्या नियमांत 50 लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या सेवांवर जादा बंधने आली. छोटे सर्व्हर त्यातून सुटतात, पण तक्रार अधिकारी नेमणे आणि काढलेला मजकूर 180 दिवस जपणे त्यांनाही चुकत नाही. घरच्या संगणकावर मित्रांसाठी सर्व्हर चालवणाऱ्यांना हे बहुधा ठाऊकच नसते.

2021 मध्येच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सदस्याच्या पोस्टसाठी जबाबदार धरता येत नाही, असे म्हटले. सर्व्हरच्या अ‍ॅडमिनने त्यावर विसंबू नये. मजकूर त्याच्याच डिस्कवर साठतो, तो पुसण्याची किल्लीही त्याच्याकडेच असते. खासगी संदेशसुद्धा त्याला वाचता येतात, कारण मास्टोडॉनवर ते कुलूपबंद नसतात.

तक्रारी फसतात त्या पुराव्यापाशी. नुसते टोपणनाव लिहून दिले जाते, पण तेच नाव दुसऱ्या सर्व्हरवर वेगळ्या माणसाचे असू शकते. म्हणून सर्व्हरसकट पूर्ण नाव आणि पोस्टचा पत्ता टिपावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लागते, शिवाय तज्ज्ञाची सही असलेला त्याचा भाग ब. परदेशी सर्व्हरकडून माहिती हवी असेल तर न्यायालयामार्फत विनंतीपत्र पाठवावे लागते, आणि त्यात महिने जातात.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू असल्याने रिट याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. याचिकेत मात्र मूळ सर्व्हरबरोबर पोस्टची प्रत दुसऱ्या ज्या ज्या सर्व्हरवर गेलेली दिसते त्यांचेही पत्ते द्यावेत. मूळ पोस्ट पुसली की इतरांकडे फक्त पुसण्याची विनंती जाते, आणि ती न पाळणारा सर्व्हर प्रत तशीच ठेवतो.