विज्ञान क्षेत्रातील महिलांसाठीचे पुरस्कार: पात्रता, नामनिर्देशन आणि कागदपत्रे

विज्ञानात काम करणाऱ्या महिलांसाठीच्या एखाद्या पुरस्काराची सूचना हाती आली, की बहुतेक जणी आधी वयाची अट पाहतात आणि त्या अटीत बसत नाही असे वाटले, की तिथेच थांबतात. सूचनापत्र मात्र वेगळ्या क्रमाने वाचावे. अर्ज स्वतः करायचा आहे की दुसऱ्या कोणी आपले नाव सुचवायचे आहे, हे आधी पाहावे, कारण पुढची सगळी तयारी त्यावर ठरते.

लॉरियाल ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी आणि युनेस्को यांच्यातर्फे १९९८ पासून दिला जाणारा आंतरराष्ट्रीय पुरस्कार हे नामनिर्देशनाचे ठळक उदाहरण आहे. जगाच्या पाच विभागांतून दरवर्षी प्रत्येकी एका शास्त्रज्ञ महिलेची निवड होते आणि प्रत्येकीला १ लाख युरो मिळतात. एका वर्षी जीवविज्ञान, तर दुसऱ्या वर्षी भौतिक विज्ञाने, गणित आणि संगणकशास्त्र असा विषयांचा आलटून पालटून क्रम असतो, त्यामुळे आपल्या विषयाचे वर्ष कोणते, हे आधी तपासावे लागते. स्वतःचा अर्ज स्वतः पाठवल्यास तो विचारात घेतला जात नाही. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि आदा योनाथ यांना हा पुरस्कार २००८ मध्ये मिळाला आणि पुढच्याच वर्षी दोघींना नोबेल मिळाले; एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना तो २०१६ मध्ये मिळाला होता. यावरून तेथे कोणत्या टप्प्यावरचे काम अपेक्षित असते, याचा अंदाज येतो. नुकतीच पीएच.डी. झालेल्या किंवा ती करत असलेल्या संशोधिकांनी त्याच उपक्रमाच्या देशपातळीवरील शिष्यवृत्त्यांकडे पाहावे. अनेक देशांत त्या याच टप्प्यासाठी असतात.

जिथे नामनिर्देशन लागते, तिथे ते स्पष्ट शब्दांत मागावे. आपल्या कामाची दखल घेऊन वरिष्ठ आपणहून नाव सुचवतील, या अपेक्षेत अनेक पात्र संशोधिकांची वर्षे निघून जातात. विभागप्रमुखांना किंवा जुन्या मार्गदर्शकांना पुरस्काराचे नाव, अंतिम तारीख आणि आपण पात्र का ठरतो याची चार वाक्ये पाठवणे हा आगाऊपणा नाही. त्यामुळे नाव सुचवणाऱ्याचे कामही सोपे होते.

आता वयाच्या अटीकडे वळू. बऱ्याच पुरस्कारांत जन्मतारखेऐवजी पीएच.डी.नंतरची वर्षे मोजली जातात. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा १९३४ पासून दिला जाणारा ॲनी जंप कॅनन पुरस्कार पीएच.डी.नंतरच्या पाच वर्षांच्या आत असलेल्या खगोलशास्त्रज्ञ महिलांसाठी आहे. मोजणी नेमकी कोठून सुरू होते, हे नियमावलीत पाहावे: मौखिक परीक्षेचा दिवस, विद्यापीठाच्या अधिसूचनेची तारीख आणि पदवीदान समारंभाची तारीख यांत अनेक महिन्यांचे अंतर असू शकते आणि तेवढ्या अंतराने अर्ज पात्र किंवा अपात्र ठरू शकतो.

त्याहून महत्त्वाची आहे ती कारकिर्दीतील खंडाची तरतूद. प्रसूती, बालसंगोपन, स्वतःचे दीर्घ आजारपण किंवा कुटुंबीयांची शुश्रूषा यांसाठी गेलेला काळ अनेक संस्था मुदतीतून वजा करतात. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या संशोधन अनुदानात मातांसाठी प्रत्येक अपत्यामागे १८ महिन्यांची वाढ धरली जाते. असाच नियम एखाद्या दहा वर्षांच्या मुदतीच्या पुरस्काराला असला, तर हिशेब कसा होतो ते पाहा. पीएच.डी. जून २०१४ मध्ये झाली असेल, तर मुदत जून २०२४ मध्ये संपते. दोन अपत्ये असतील, तर ३६ महिने वाढून ती जून २०२७ पर्यंत जाते. वरवर पाहता बाद झालेली संशोधिका प्रत्यक्षात पात्र असते. मात्र ही सवलत आपोआप मिळत नाही, अर्जात मागावी लागते आणि तिच्यासोबत जन्मदाखला, रजेचा आदेश किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते.

खंडाबद्दल लिहिताना दिलगिरीचा सूर नको आणि लपवाछपवीही नको. ‘मार्च २०१८ ते ऑगस्ट २०१९ या काळात मी प्रसूती व बालसंगोपनासाठी पूर्ण रजेवर होते. सप्टेंबर २०१९ पासून अर्धवेळ आणि जानेवारी २०२० पासून पूर्णवेळ संशोधन पुन्हा सुरू केले,’ एवढी दोन वाक्ये पुरतात. प्रकाशनांच्या यादीतील रिकाम्या वर्षांचा अर्थ परीक्षकांना त्यांतून कळतो. ती नसतील, तर परीक्षक स्वतःचा अर्थ लावतात.

पुरस्काराचा उद्देशही नीट वाचावा, कारण काही ठिकाणी केवळ संशोधन सांगून भागत नाही. रॉयल सोसायटीच्या रोझालिंड फ्रँकलिन पुरस्कारासाठी विज्ञानातील महिलांचे स्थान उंचावणाऱ्या एका उपक्रमाचा प्रस्तावही द्यावा लागतो. जर्मनीतील क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड प्रतिष्ठानची मदत तर मुले असलेल्या तरुण संशोधिकांना घरकाम आणि मुलांच्या सांभाळासाठीच असते, म्हणजे प्रयोगशाळेसाठी जास्त तास मोकळे व्हावेत म्हणून. अशी मदत देणे हा या क्षेत्रातला सर्वांत शहाणपणाचा विचार आहे, असे मला मनापासून वाटते.

कागदपत्रांत साधारणपणे जीवनवृत्त, प्रकाशनांची यादी, संशोधनाचे निवेदन, पीएच.डी.चे प्रमाणपत्र, नागरिकत्वाचा पुरावा, संस्थेचे पत्र आणि दोन किंवा तीन शिफारसपत्रे लागतात. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर प्रमाणपत्र एका नावाचे, शोधनिबंध दुसऱ्या नावाचे आणि पासपोर्ट तिसऱ्याच स्पेलिंगचा अशी स्थिती होते. त्यासाठी नावबदलाचा अधिकृत पुरावा जोडावा आणि ऑर्किड हा सोळा अंकी, विनाशुल्क मिळणारा संशोधक क्रमांक घेऊन दोन्ही नावांचे शोधनिबंध त्याखाली नोंदवावेत. अनेक लेखकांच्या शोधनिबंधांत आपला वाटा काय होता, हे प्रत्येक निबंधाखाली एका ओळीत लिहावे: प्रयोगाची आखणी, नमुन्यांचे विश्लेषण की लेखन.

शिफारसपत्रांसाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा. अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयाकडे आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महिलांसाठी लिहिलेली पत्रे सरासरीने आखूड असल्याचे आणि त्यांत शंका निर्माण करणारी वाक्ये अधिक असल्याचे आढळले. लिहिणाऱ्यांत पुरुषही होते आणि स्त्रियाही. ‘त्या अतिशय कष्टाळू आणि मनमिळाऊ आहेत’ या वाक्याने परीक्षकाला कामाबद्दल काहीच कळत नाही. ‘आमच्या प्रयोगशाळेतील मोजमापाची पद्धत यांनी स्वतंत्रपणे विकसित केली आणि आज सगळा गट तीच वापरतो’ हे वाक्य निर्णयाला उपयोगी पडते. म्हणून पत्र मागताना आपल्या कामातील तीन ठोस गोष्टींचे एक पान आणि पुरस्काराचे निकष सोबत द्यावेत, मुदतीच्या निदान चार आठवडे आधी द्यावेत आणि मुदतीच्या आठवडाभर आधी नम्रपणे आठवण करावी.

अर्ज सादर करताना अंतिम वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे, हे पाहावे. पत्रे शिफारसकर्त्यांकडून थेट पोर्टलवर जात असतील, तर ती पोहोचल्याची नोंद आपल्या खात्यात तपासावी, कारण एक पत्र कमी पडले तरी अर्ज अपूर्ण ठरू शकतो. पोचपावती आणि सादर केलेल्या अर्जाची पीडीएफ प्रत जपून ठेवावी. निवड झाली नाही, तर परीक्षकांचे अभिप्राय मिळतात का आणि नामनिर्देशन पुढील वर्षीही ग्राह्य राहते का, हे पत्राने विचारावे. ते ग्राह्य राहत असेल, तर नवी प्रकाशने आणि त्या वर्षातील काम जोडून अद्ययावत केलेला मजकूर पुढची मुदत येण्याआधीच नाव सुचवणाऱ्याकडे पाठवून द्यावा.