पाळीव कुत्र्यांचा फलाहार

रोजचं जेवण सोडून कुत्र्याला खाऊ म्हणून ताजं फळ देणं. सफरचंदाची फोड, केळ्याचा तुकडा, कलिंगड, पपई हे प्रकार घरोघरी चालतात, त्यामुळे त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. या विषयात खरा वाद आहे तो द्राक्षांचा, म्हणजे ती कुत्र्याला नेमकी कशामुळे बाधतात याचा, आणि गेल्या काही वर्षांत त्या वादात चिंचही ओढली गेलीये, म्हणून ही नोंदसुद्धा बरीचशी त्या दोघींभोवतीच फिरते.

कुत्रा आणि फळ

कुत्रा मांसाहारी गणातला असला तरी निव्वळ मांसाहारी नाही. त्याच्या जिभेला गोड कळतं, मांजराला कळत नाही (गोडाची चव ओळखणारं एक जनुक मांजरात निकामी झालंय हे 2005 साली दाखवलं गेलं), म्हणून आंबा कापायला घेतला की कुत्रा येऊन बसतो आणि मांजर ढुंकूनही बघत नाही. कुत्र्याच्या कुळातलेही फळं खातात, आपल्याकडच्या कोल्ह्याच्या विष्ठेत बोरांच्या बिया सापडल्याच्या नोंदी आहेत.

पण आवडतं म्हणजे लागतं असं नाही. कुत्र्याचं लिव्हर स्वतःच सी व्हिटॅमिन तयार करतं, त्यामुळे ‘व्हिटॅमिनसाठी रोज संत्रं देतो’ याला फारसा अर्थ नाही. चांगलं संतुलित जेवण मिळणाऱ्या कुत्र्याला फळ ही चैन आहे, थोडं पाणी, थोडा चोथा आणि बरीच साखर. लॅब्राडॉरवाल्यांनी जरा जास्तच जपावं, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गायब असतो आणि त्याचा संबंध हावरटपणाशी आणि वजनाशी लागतो असं 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मांडलं. म्हणजे तो बिचारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच अजून हवं असतं.

किती द्यावं याचा सर्वमान्य आडाखा असा की सगळा वरखाऊ मिळून दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांत बसावा. 10 किलोच्या मोठ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 ते 650 कॅलरी लागतात, म्हणजे खाऊला 60 च्या आसपास. केळं 100 ग्रॅमला 90 च्या घरात जातं, चिकू त्याच्या जरासा खाली, आंबा 60, सफरचंद 50 च्या थोडं वर आणि कलिंगड 30, तेव्हा अर्ध्या केळ्यात कोटा संपतो आणि कलिंगडाच्या दोन चांगल्या फोडी चालून जातात. डायबेटिस, स्वादुपिंडाची सूज किंवा किडनीचं दुखणं असेल तर हा आडाखा लागू नाही, तिथे व्हेटलाच विचारावं.

द्राक्षं आणि बेदाणे: विष नेमकं कोणतं?

द्राक्षांनी कुत्र्यांच्या किडन्या जातात ही माहिती तशी अलीकडची. माणूस हजारो वर्षं द्राक्षं लावतोय आणि कुत्री त्याच बागांत फिरतायत, तरी ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती, किंवा आली असली तरी कागदावर आली नाही. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या विषबाधा केंद्राकडे येणाऱ्या केसेसमध्ये 1989 च्या सुमारापासून एक साचा दिसायला लागला, द्राक्षं किंवा बेदाणे खाल्ले, उलट्या झाल्या आणि दोनतीन दिवसांत किडनी बंद पडली. तेव्हाच्या काही कुत्र्यांनी तर वाइनरीतला द्राक्षांचा चोथा खाल्ला होता. 2001 मध्ये त्याच केंद्रातल्या शॅरन ग्वाल्टनी-ब्रांट आणि सहकाऱ्यांनी हे अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या जर्नलमध्ये पत्रातून मांडलं, आणि 2005 मध्ये 43 कुत्र्यांचा मोठा आढावा आला. त्या 43 मधली निम्म्याहून थोडी जास्त वाचली. उलटी सगळ्यांनाच झाली होती, आणि ज्यांची लघवी कमी झाली किंवा चालताना तोल जायला लागला त्यांचं बहुतेक वाईटच झालं.

मग कारण काय? इथून पुढे वीसेक वर्षं नुसता गोंधळ. पहिला संशय साहजिकच फवारणीवर गेला, आपल्याकडेही कुणाला सांगा, पहिलं उत्तर हेच मिळतं की ‘औषधं मारलेली असतात ना’. पण घरच्या वेलीवरच्या, काहीच न मारलेल्या द्राक्षांनीही तेच झालं होतं. बुरशीच्या विषाचा, त्यातही ऑक्रॅटॉक्सिनचा तपास झाला, जड धातू, टॅनिन, जास्तीचं डी व्हिटॅमिन, सगळं तपासून झालं पण एकही धड बसेना. त्यात द्राक्षांचा स्वभाव असा की एक कुत्रा वाटीभर खाऊन मजेत हिंडतो आणि दुसरा थोडक्यात जातो. पुढे 139 कुत्र्यांच्या एका पाहणीत किडनीला खरी इजा झालेली कुत्री थोडीच निघाली, त्यावरून काही जण ‘उगाच बाऊ केलाय’ म्हणतात, पण त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांना वेळेत उलटी करवून सलाईन लावलं होतं हे विसरून चालत नाही.

सध्या सगळ्यात वजनदार मत टार्टारिक ॲसिडचं आहे. एका कुत्र्याने घरी मळलेली मुलांची खेळायची कणीक खाल्ली आणि त्याची किडनी अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखी बिघडली. त्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर घातलेलं असतं, म्हणजे टार्टारिक ॲसिडचंच पोटॅशियमचं मीठ, जे वाइनच्या पिंपात तळाशी आणि कडेला खड्यांसारखं बसतं. कोलेट वेगेनास्ट आणि त्याच विषबाधा केंद्रातल्या मंडळींनी हा धागा पकडून जुन्या केसेस चाळल्या, क्रीम ऑफ टार्टर खाल्लेली आणि चिंच खाल्लेली कुत्री शोधली, आणि किडनीतल्या ज्या नळ्या द्राक्षांनी मरतात त्याच इथेही मेलेल्या दिसल्या. 2021 मध्ये त्यांचं पत्र आलं, सविस्तर लेख त्यानंतर.

फळांमध्ये टार्टारिक ॲसिड भरपूर असणं दुर्मिळ आहे, बहुतेक फळांचा आंबटपणा सायट्रिक आणि मॅलिक ॲसिडचा असतो. द्राक्ष आणि चिंच ही त्यातली दोन ठळक नावं. शिवाय जात, हवामान आणि पिकण्याचा टप्पा यांनुसार प्रमाण बदलतं (कच्च्या मण्यात जास्त, मणी फुगत जातो तसं पातळ होत जातं), त्यामुळे एका कुत्र्याला झालं, दुसऱ्याला नाही याचाही थोडाफार उलगडा होतो. कोल्ह्याला आंबट लागलेली द्राक्षं त्याने सोडली ते बरंच केलं म्हणायचं.

मग माणसाला काही कसं होत नाही? 2023 मधल्या एका प्रयोगशाळेतल्या कामात कुत्र्याच्या किडनीच्या पेशी टार्टारिक ॲसिडने मेल्या, माणसाच्या नाही मेल्या, आणि माणसाच्या किडनीत असणारं ओएटी4 नावाचं वाहक प्रथिन कुत्र्याच्या त्या पेशींत बसवल्यावर त्याही वाचल्या. ॲसिड पेशीत शिरतं पण कुत्र्याकडे ते बाहेर काढायचं दार नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्या पेशी म्हणजे एमडीसीके, 1958 मध्ये एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या किडनीतून काढलेला आणि तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये वाढवला जाणारा वाण. यात एक मेख आहे. या पेशी नळीच्या शेवटच्या भागाशी मिळत्याजुळत्या समजल्या जातात आणि द्राक्षांनी मुख्य इजा होते ती सुरुवातीच्या भागाला. तेव्हा हे मत अगदी शिक्कामोर्तब झालेलं नाही, पण आधीच्या सगळ्या तर्कांपेक्षा ते जास्त गोष्टी एकत्र बांधतं, शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सशांना टार्ट्रेट (टार्टारिक ॲसिडचं मीठ) टोचून मुद्दाम किडनी बिघडवल्याचे प्रयोगही आहेत, म्हणून प्रस्तुत नोंदीत तेच धरलंय.

प्रमाणाबद्दल जे आकडे फिरतात ते असे: किलोमागे साधारण 20 ग्रॅम द्राक्षांनी किंवा 3 ग्रॅम बेदाण्यांनीही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला मूठभर बेदाणे. ही सुरक्षित मर्यादा नव्हे, नोंदलेल्या केसेसमधला खालचा आकडा आहे एवढंच. बेदाणे जास्त घातक कारण पाणी उडून सगळं आटलेलं असतं. नाशिक-सांगलीकडे जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम, आणि तासगाव भागात शेडमध्ये जाळीवर माल वाळत घातलेला असतो तेव्हा खाली गळालेले मणी उचलायला बागेतली कुत्री मोकळीच असतात. शहरात धोका वेगळा, सत्यनारायणाचा शिरा. त्यात बेदाणे असतात आणि ‘प्रसाद आहे, थोडा दे त्याला’ म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. ख्रिसमसच्या प्लम केकचंही तेच.

चिंच

चिंचेच्या गरात टार्टारिक ॲसिड साधारण 8 ते 18 टक्के भरतं, द्राक्षांत ते बहुधा एक टक्क्याच्या आसपास. तरी मराठी घरात चिंचेला कुणी विष समजत नाही. चिंचगुळाची आमटी भातावर ओतून कुत्र्याला देणं ही जुनी सवय, डावभर आमटीत चिंच नखभरच असते त्यामुळे लगेच काही होत नाही हेही खरं, पण त्याच आमटीत कांदा-लसूण असेल तर तो कुत्र्याच्या रक्तपेशींना वेगळाच ताप. खरी भीती चिंचेच्या गोळ्याची. वर्षाची चिंच फोडून, मीठ लावून टोपलीत ठेवतात तेव्हा एखादं पिल्लू चघळायला घेतं, किंवा पाणीपुरीचं आंबटगोड पाणी नाहीतर भेळेची चटणी कुणीतरी हौसेने चाटवतं. आंबट तेवढं सगळं टार्टारिक असंही नाही, लिंबात सायट्रिक असतं, कैरीतही मुख्यतः सायट्रिक-मॅलिक, आमसुलात हायड्रॉक्सीसायट्रिक. म्हणून चिंचेचा नियम सरसकट आंबटाला लावायचं कारण नाही.

खाल्लंच तर

वाट बघू नये. उलटी बहुधा पहिल्या 24 तासांत होते आणि किडनीचा त्रास 24 ते 72 तासांत कळतो, तोवर कुत्रा पुष्कळदा ठीकच दिसतो, आणि घरचे ‘काही नाही झालं बघ’ म्हणून गाफील राहतात. खाऊन तास-दोन तासच झाले असतील तर व्हेट इंजेक्शनने उलटी करवतो, मग सलाईन दोनेक दिवस, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती चालतेय ते यावरून कळतं) तपासत राहणं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा उपाय अजूनही सांगितला जातो, तो करू नये, मिठानेच कुत्रं जाऊ शकतं. किती खाल्लं, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन, एवढं फोनवर सांगता आलं की व्हेटचं अर्धं काम होतं.

बिया, कोय, साल

बाकीच्या फळांत गर निरुपद्रवी आणि अडचण बीची असाच प्रकार जास्त. आंब्याचा गर चालतो, बाठा नाही. चाटायला दिलेला बाठा मोठा कुत्रा सरळ गिळतो आणि तो आतड्यात अडकला की ऑपरेशनशिवाय निघत नाही. साल आणि देठाचा चीक तोंडाला खाज आणतो. चिकूची बी काळी, गुळगुळीत, आणि तिच्या एका टोकाला बारीक आकडा असतो, तो घशात रुतू शकतो, तेव्हा चिकू द्यायचाच तर बोटांनी मोडून, सगळ्या बिया मोजून काढूनच. सीताफळाची बी अख्खी गेली तर बहुधा तशीच बाहेर पडते, चावली गेली तर विषारी. याच बियांची पूड उवा मारायला वापरतात आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, यावरून काय ते समजावं. सफरचंद, आलुबुखार, पीच यांच्या बियांत ॲमिग्डालिन असतं, चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. सफरचंदाच्या दोनचार बियांनी काही होत नाही, पण मधला भाग कापून टाकायला असे किती कष्ट पडतात? ॲव्होकॅडोतल्या पर्सिन नावाच्या विषाची फार चर्चा होते, कुत्र्यांना मात्र ते इतर प्राण्यांइतकं बाधत नाही, तिथे मोठी बी आणि तेलकटपणा हीच खरी डोकेदुखी.

आणि फळ म्हणजे फळच. फ्रूट सॅलड, चाट मसाला मारलेला पेरू, डबाबंद अननसाचा पाक हे यात धरू नये.

कोकण-गोव्याकडची फळं

फणसाचे गरे थोडे दिले तर चालतात, आठळ्या आणि फणसाचा मधला चिकट भाग नको. ओलं खोबरं कोकणातली कुत्री आवडीने खातात, फक्त चरबी जास्त म्हणून बेताने. जांभूळ बी काढून. करवंदं आणि रातांबे यांच्याबद्दल पशुवैद्यकीय नोंदी तुरळक. करमळ म्हणजे स्टारफ्रूट मात्र देऊ नये, त्यात विरघळणारी ऑक्झलेटं असतात आणि किडनी आधीच कमजोर असलेल्या माणसांनाही त्याची विषबाधा झालेली आहे. गोव्यात परसात झाड असेल तर खाली पडलेली फळं वेचून टाकावीत.